तारआपाने अडवलेली तार

सासूचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नाही, ही आमच्या कोकजारची रीत. सासूचंच काय, नवऱ्याच्या बाजूच्या कुठल्याच वडीलधाऱ्याचं घ्यायचं नाही. काहीतरी टोपणनाव शोधायचं आणि जन्मभर तेच वापरायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासू टपाल कचेरीत तारयंत्रावर बसायची, म्हणून मी तिला तारआपा, म्हणजे तारवाली थोरली बाई, म्हणायला लागले. महिन्याभरात अख्खं गाव तसंच म्हणायला लागलं. तिला ते मुळीच आवडलं नाही.

"नाव काय, तर संदुगाश, म्हणजे बुलबुल," ती मला म्हणाली, "आणि चोच बघा, कावळ्याची."

आता ती नाही आणि मीही सत्तरी गाठली, म्हणून नाव घेते. उलबोसिन. म्हणजे 'मुलगा होऊ दे'. लागोपाठ तिसरी मुलगी झाली तेव्हा बापाने कपाळाला हात लावून ठेवलेलं नाव. मुलगा काही झाला नाही, आणि पुढे ती हौस करायला बापही उरला नाही.

कोकजार हे गाव म्हणून फार जुनं नाही. कड्यावरचं कबरस्तान मात्र जुनं आहे, तिथे चारशे-पाचशे वर्षांचे कोरीव दगड आहेत. आमच्याकडे आधी मेलेले राहायला आले, मग जिवंत. झारच्या काळात एका रशियन व्यापाऱ्याने कड्याखाली मासे खारवायच्या चार शेडा घातल्या आणि त्यांच्याभोवती घरं उभी राहिली. उंटामागे फिरणारी आमची माणसं तेव्हा मासेखाऊंना नाकं मुरडायची. मग दुष्काळ आला, सरकारने उरलीसुरली जनावरंही नेली, आणि नाकं मुरडणारेच वाळवंटातून रांगत समुद्राकाठी आले. त्यांत आठ वर्षांची उलबोसिन होती. घरातून सातजण निघाले होते, पोचले दोघे, ती आणि तिचा मामा. पहिला मासा तिने कच्चाच खाल्ला, असं ती सांगायची, आणि हसायची. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

समुद्र तेव्हा जवळ होता. वारा सुटला की लाटा टपाल कचेरीच्या पायरीला लागायच्या. पुढे तो मागे सरायला लागला, दरवर्षी थोडा थोडा. मी आले तोवर कचेरीपासून पाण्यापर्यंत चालत वीस मिनिटं लागत. उघड्या पडलेल्या तळावर लोकांनी घरं बांधली, ती खालची आळी. तिथे अंगणात चूल घालायला खणलं तरी शिंपले निघत. समुद्र एकदा गेला तो गेला, असं सगळे धरून चालले होते.

युद्ध लागलं तेव्हा तारबाबू सैन्यात गेला आणि अठरा वर्षांची उलबोसिन यंत्रावर बसली. मुलगी हुशार, रशियन पटकन शिकली. तार घ्यायची तीच आणि पोचवायची तीच. मेलेल्या शिपायांचे कागदही तिच्याच हातून जायचे. पहिला कागद आला तो मासे खारवायच्या शेडेतल्या एका बाईच्या नवऱ्याचा. नियमाप्रमाणे उलबोसिन तिच्या घरी गेली आणि कागद तिच्या हातात दिला. बाई तान्ह्याला पाजत बसली होती. कागद बघून तिने आवाजसुद्धा केला नाही, पण तिचं दूध त्याच घटकेला आटलं. गावात तेव्हा कुणाकडेच दूध नव्हतं. दोन महिन्यांत मूल गेलं.

गावाने उलबोसिनला धारेवर धरलं. इझबासार तेव्हा तरुण होता, युद्धातून एक पाय देऊन आलेला, पण बोलण्यात त्याचा हात धरणारा किनाऱ्यावर कोणी नव्हता.

"अगं पोरी," तो म्हणाला, "मरणाची बातमी अशी भाकरीसारखी हातावर ठेवतात का? रीतभात काही आहे की नाही? पुन्हा असा कागद आला तर आधी माझ्याकडे आणायचा."

तेव्हापासून कोकजारमध्ये नेम ठरला. मरणाची तार आली की उलबोसिन ती चहाच्या डब्याखाली उलटी ठेवी आणि इझबासारला निरोप धाडी. तो चार म्हाताऱ्यांना गोळा करून त्या घरी जाई, दोंब्राच्या दोन तारा छेडी आणि आडून आडून बोले. ससाण्याचं बोले, आटलेल्या विहिरीचं बोले. ऐकणाऱ्याला हळूहळू उमगायचं आणि मग तोच तोंडाने म्हणायचा, माझा अमका गेला ना? तोवर बायका दाराबाहेर येऊन थांबलेल्या असायच्या, सावरायला. एकट्याने बातमी द्यायची नाही, एकट्याने ऐकायची नाही. हे चांगलं होतं. मी रीतीभातींना शिव्या घालणारी बाई आहे, तरी सांगते, चांगलं होतं.

पण एक सवय दुसरीला जन्म देते. शहरात गेलेली आमची माणसं तारेतसुद्धा मेल्याचं लिहीनाशी झाली. 'प्रकृती गंभीर, लगेच या,' एवढंच लिहायचं. पुढचं कोकजार बघून घेईल. तारआपाने अशा चाळीसएक तारा घेतल्या असतील. एकही गंभीर माणूस जिवंत निघाला नाही.

आता दामेलीचं सांगते. ती खालच्या आळीत राहायची, तारआपाहून सात वर्षांनी धाकटी. नवरा हिवाळ्यात बर्फावर सीलची शिकार करायला गेला होता. वारा फिरला, बर्फाचा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि त्याला घेऊन गेला. कबरसुद्धा नाही. मागे एकच मुलगा, अमान. दामेली बोलायला मोकळी, हसायला मोकळी, मासे चिरताना गाणं म्हणणारी. तिचं आणि तारआपाचं रोज भांडण व्हायचं आणि रोज चहाही व्हायचा. अमान वीस वर्षांचा झाला तेव्हा बांधकामावर काम करायला गुर्येव शहराला गेला. दर महिन्याला पत्र यायचं. दामेलीला वाचता येत नव्हतं, तेव्हा ते तारआपा वाचून दाखवायची, दोनदा.

शहात्तर सालचा मार्च. सोमवारी दुपारी मी सासूचं जेवण घेऊन कचेरीत गेले. यंत्र चालू होतं. तिने शेवटचं अक्षर लिहिलं, पेन्सिल खाली ठेवली आणि कागद माझ्याकडे सरकवला. 'तुमचा मुलगा अमान पडून जखमी. प्रकृती गंभीर. ताबडतोब या.' खाली गुर्येवच्या इस्पितळातल्या डॉक्टरचं नाव.

"गेला पोरगा," तारआपा म्हणाली.

"आपा, यात तर जखमी लिहिलंय."

"तुला तारा वाचायला कोणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग? युद्धानंतर गेला असं लिहिलेली एक तरी तार आलीये का इथे?"

मी कागद तिला परत दिला. भीतीने नव्हे, मलाही तेच वाटलं. पण खाली नाव रशियन माणसाचं होतं. ते लोक आडून बोलत नाहीत. मेला तर मेला लिहितात, जखमी तर जखमी. चौतीस वर्षं त्यांच्याच खात्यात काम केलेल्या बाईला हे सुचायला हवं होतं, आणि शाळा शिकलेल्या मलाही. दोघींनाही सुचलं नाही. तिने कागद चहाच्या डब्याखाली उलटा ठेवला.

इझबासार गावात नव्हता. वाळवंटातल्या पिराच्या दर्ग्याला गेला होता, ट्रकमधून, सरकारी लोकांच्या नजरा चुकवून. बुधवारी यायचा होता.

"दुसऱ्या कोणाला तरी बोलवा," मी म्हटलं.

"कोणाला? सुलतानला? तो बोलायला लागला की मेलेलासुद्धा उठून बाहेर जाईल. तिचा नवरा गेला तेव्हाही इझबासारनेच सांगितलं होतं. बुधवारपर्यंत काय फरक पडतोय? मुडदा कुठे पळून जात नाही. आणि तू तोंडाला कुलूप घाल."

गुर्येवचं छोटं विमान आठवड्यातून दोनदा यायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी. मंगळवारी सकाळी ते खालच्या आळीवरून गेलं. दामेली अंगणात दोरीवर मासे टांगत होती. तिने विमानाकडे बघून हात हलवला, लहान मुलासारखा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी ती कचेरीत आली, काखेत पुडकं घेऊन.

"आपा, हे अमानला धाडायचंय. मोजे आहेत, उंटाच्या लोकरीचे. पत्रात म्हणतो पाय गारठतात. तिकडे बुटांत वर्तमानपत्र घालतात म्हणे, मेले."

तारआपाने पुडकं वजनकाट्यावर ठेवलं. मी कोपऱ्यात शिक्के पुसत होते, त्या शिक्क्यांवरून मान वर केली नाही.

"एवढे जाड कशाला विणलेस?" तारआपा म्हणाली. "बूट चढायचा नाही."

"चढेल. बापाचे पाय घेतलेत त्याने, पण टाचा माझ्या आहेत. किती दिवसांत पोचेल?"

"पोचेल आठवड्यात."

"आणि पत्र आलं नाही काय या वेळी?"

"येईल गं. तरुण पोरगा आहे, दुसरं काम नाही का त्याला? एखादी मुलगी बघितली असेल."

दामेली खुदकन हसली. "मुलगी आण म्हणावं, पण तुमच्या बुलबुलसारखी नको. मुकी असली तरी चालेल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं सूनबाई, आज चोच बंद? सासूने शिवली की काय?"

मी हसले. कसं हसले देव जाणे. ती गेल्यावर तारआपाने पुडक्यावर शिक्का मारला, नोंद केली आणि ते बाकीच्या टपालात ठेवलं. तिला वाटत होतं, ती दामेलीला दोन दिवस देते आहे. मुलगा जिवंत असलेले दोन दिवस.

बुधवारी इझबासार आला नाही. पाऊस पडून वाळवंटातला रस्ता चिखल झाला होता आणि ट्रक रुतला होता. तो पोचला गुरुवारी दुपारी. घरी न जाता, तोंडावरचा चिखलही न धुता तो कचेरीत आला. तार वाचली, चष्मा काढून पुसला.

"कधी आली?"

"सोमवारी."

"बरं केलंस थांबलीस," तो म्हणाला.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आम्ही निघालो. पुढे म्हातारे, मागे आम्ही बायका. दामेलीने दार उघडलं, इझबासारच्या हातातला दोंब्रा पाहिला आणि आत जाऊन चुलीवरची किटली उतरवून ठेवली. गरज नसताना तिने चार वाट्या पुसल्या. मग येऊन बसली. इझबासारने तारा छेडल्या.

"दामेली, बाई, एका कड्यावर एक मादी ससाणा होती. जोडीदार तिचा वाऱ्याने नेला. घरट्यात एकच पिल्लू. पिल्लाला पंख फुटले. कड्यावरून ते उडालं, आणि आभाळ त्या दिवशी फार उंच होतं..."

"पुरे," दामेली म्हणाली. "इझबासार, पुरे कर. तू आधी एकदा इथेच बसून मला बर्फाचं सांगितलं आहेस. अमान गेला ना?"

"बाई, सबुरी घे."

मग तिने जो हंबरडा फोडला तो इथे लिहीत नाही. आम्ही तिला चार बाजूंनी धरलं. रीत अगदी बिनचूक पार पडली.

शुक्रवारच्या विमानाने तारआपा तिच्याबरोबर गेली, कारण दामेलीला रशियन येत नव्हतं. पुढचं सगळं मला दोन वर्षांनी कळलं, ते इथेच सांगते.

इस्पितळात एक जाडजूड नर्स होती. तारआपा तिला म्हणाली, अमानची आई आली आहे, मुलाला न्यायला. नर्सने दोघींकडे बघितलं आणि तिचा पारा चढला.

"आता येताय? सोमवारी तार केली होती! चार दिवस पोरगा दाराकडे डोळे लावून पडला होता. शुद्धीवर होता, बोलत होता. कोणी आत आलं की मान उचलायचा. काल रात्री गेला. थोडी लवकर आला असतात तर..."

दामेलीने तारआपाची बाही ओढली. "काय म्हणतेय ती? एवढी का ओरडतेय?"

आणि माझ्या सासूने, जिने उभ्या आयुष्यात तारेतला एक शब्द कधी बदलला नाही, तिने सांगितलं, "म्हणतेय, पडला त्याच दिवशी गेला. लगेच. काही कळलंसुद्धा नाही त्याला."

"मग ओरडतेय कशाला?"

"तिला वाईट वाटतंय म्हणून."

दामेलीने त्या नर्सचे हात धरले आणि कपाळाला लावले.

अमानला कड्यावर पुरलं. दगड कोरणारा तारीख विचारायला आला तो तारआपाकडेच, कारण तारखा तिच्याकडे असायच्या. तिने सोमवारची तारीख दिली. तीच दगडावर कोरली गेली. चाळिसावा त्या तारखेपासून मोजला, वर्षाचं जेवणही त्या तारखेला झालं. दुसऱ्या वर्षी मात्र त्या तारखेनंतर तीन दिवसांनी तारआपा परसात सात पोळ्या तळताना मला दिसली. मेलेल्या माणसासाठी आम्ही सात पोळ्या तळतो, तेलाचा वास त्याच्यापर्यंत पोचतो म्हणतात.

"आज कोणाच्या?" मी विचारलं.

तिने झारा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, नर्सच्या शब्दांसकट. रडली नाही. शेवटी म्हणाली, "आता तुझ्या पोटातही गेलं. ठेव तिथेच."

"तिला सांगायला हवं."

"काय सांगू? तुझा पोरगा चार दिवस तुझी वाट बघत होता आणि त्यातलं एक विमान मी तुझ्या डोक्यावरून जाऊ दिलं, हे सांगू? त्याने अमान परत येणार आहे?"

मला तिचा राग आला. अजूनही येतो. पण मीसुद्धा ते ठेवलंच ना पोटात. वीस वर्षं ठेवलं.

मग समुद्र परत आला. कुणाला ध्यानीमनी नव्हतं. अठ्ठ्याहत्तरपासून पाणी चढायला लागलं, आधी बोटभर, मग वीतभर. गावातले शहाणे म्हणत होते, वारा आहे, उतरेल. उतरलं नाही. जे आपलं होतं ते मागायला आल्यासारखा समुद्र एकेक अंगण घेत गेला. दामेलीच्या चुलीत पाणी शिरलं ती थंडी तिने आमच्या घरी काढली. तारआपानेच तिला हाताला धरून आणलं होतं. माझी सासू ताटावर बसायची आणि घास फिरवत राहायची, कारण समोर दामेली बसून माझ्या नवऱ्याला सांगत असायची, "तुझ्या आईने माझ्यासाठी जे केलं ते सख्ख्या बहिणीने केलं नसतं. त्या इस्पितळात मी एकटी असते तर तिथेच मेले असते. हिनेच मला सांगितलं की त्याला काही कळलं नाही. त्या एका वाक्यावर मी जगतेय." हे ती महिन्यातून दोनदा तरी म्हणायची. वसंत ऋतूत सरकारने तिला वरच्या आळीत खोली दिली तेव्हा आम्हा दोघी सासूसुनांना मोकळा श्वास घेता आला, आणि त्याची मला लाज वाटली.

खालची आळी गेली. शेडा गेल्या. तारयंत्रही बंद पडलं, कारण फोन आले, आणि फोनवर लोक सरळ सांगायला लागले, अमका मेला. इझबासारने ते एकदा ऐकलं आणि म्हणाला, "आता माझं काम संपलं." दोन वर्षांत तो गेला.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात तारआपा अंथरुणाला खिळली. पोटात पाणी झालं होतं. आमच्याकडे मरणारा माणूस एकेकाला जवळ बोलावतो आणि विचारतो, माझ्यावर राजी आहेस ना? समोरच्याने म्हणायचं, राजी आहे. तो शब्द जिवंत कानांनी ऐकून जायचं असतं, नाहीतर ओझं बरोबर जातं. सगळे येऊन गेले. ज्याच्याशी तिचं तीस वर्षं कुंपणावरून वैर होतं तो सुलतानसुद्धा राजी म्हणून गेला. दामेलीला निरोप मात्र ती धाडू देईना.

"तिने आधी ऐकायला हवं," ती मला म्हणाली. "न ऐकता राजी म्हणाली तर ते चोरीचं."

"मग बोलावते तिला, तुम्ही सांगा."

"मला नाही जमणार. मी आयुष्यात एकदाच तोंडावर बातमी दिलीये, त्या दूध पाजणाऱ्या बाईला." मग धापा टाकत म्हणाली, "इझबासार असता तर... बुलबुल, तू जा."

तिने मला चोच न म्हणता बुलबुल म्हटलं ते तेवढंच एकदा.

सोमवार होता. मी दामेलीकडे गेले. तिने चहा ओतला. मी ससाण्याचं बोलू शकत नव्हते, विहिरीचं बोलू शकत नव्हते. मला येतं ते सरळ बोलणं. चहाच्या डब्यापासून नर्सपर्यंत सगळं सांगितलं. चार दिवस दाराकडे बघत होता, हेही सांगितलं. दामेलीची वाटी तशीच राहिली. चहावर साय धरली.

"कोणी आत आलं की मान उचलायचा?" तिने शेवटी विचारलं.

"हो."

"मोजे पोचले होते का?"

मला माहीत नव्हतं.

"आणि ही तुला पाठवते माझ्याकडे, राजी म्हणवून घ्यायला."

"आपा, तिचे फार दिवस नाहीत."

"ऐकलं," ती म्हणाली. "जा तू."

मी घरी आले. तारआपाने खाट फिरवून घेतली होती, दार दिसेल अशी. "सांगितलंस?" "सांगितलं." "मग?" आता मी, जी रीतीभातींना नावं ठेवते, सरळ बोलण्याचा तोरा मिरवते, मी काय म्हटलं? मी म्हटलं, "येतेय. गुडघे दुखतायत तिचे. उद्या येते म्हणाली."

मंगळवारी मी म्हटलं, बर्फ पडलाय, रस्ता निसरडा आहे. बुधवारी म्हटलं, ती बाउर्साक तळतेय, घेऊन येईल. बाउर्साक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, तारआपाला मऊ लागायचे, ती म्हणाली, "दात नाहीत म्हणावं मला, फार कडक करू नको." दार वाजलं की ती मान उचलायची. वाऱ्याने वाजलं तरी उचलायची. चाळीस तारा वाचलेली बाई, तिला माझी थाप कळत नसेल असं मला वाटत नाही. बुधवारी संध्याकाळी, नवरा तिला पाणी पाजत असताना, ती दाराकडे बघतच गेली.

शुक्रवारी सकाळी दामेली आली. अंगावर चांगला झगा, डोक्याला पांढरं कापड नीट बांधलेलं, हातात बाउर्साकची थैली. दारातली पादत्राणांची गर्दी बघून ती थबकली. मयत गुरुवारीच उचललं होतं. तिला कोणी कळवलं नव्हतं. सगळ्यांनी धरलं होतं की दुसऱ्या कोणीतरी कळवलं असेल.

"कधी?" तिने मला विचारलं.

"बुधवारी."

ती उंबऱ्यावरच बसली. मी तिला उठवायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला.

"मी राजी म्हणणार होते गं," ती म्हणाली. "त्याच दिवशी, तू घरातून बाहेर पडलीस तेव्हाच ठरवलं होतं. पण मनात आलं, चार दिवस वाट बघू दे. माझ्या पोराने बघितली तेवढी. जास्त नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. मोजून आज आले."

तिने थैलीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"वाट बघत होती?"

"हो."

"तू काय सांगत होतीस तिला?"

"येतेय म्हणून."

दामेलीने थैली माझ्या मांडीवर ठेवली. बाउर्साक अजून गरम होते, आणि मऊ.

"बरं केलंस," ती म्हणाली.

हाच शब्द इझबासार तार बघून म्हणाला होता.